बातमीदार की पीएचडी? पत्रकारिता विभागाला शिक्षक मिळतो कसा

विद्यापीठाच्या संज्ञापन आणि पत्रकारिता विभागात सहायक प्राध्यापकाची एक जागा निघाली आहे आणि आस्थापना विभागाच्या टेबलावर दोन अर्ज आले आहेत, असे समजू. पहिला अर्ज बातमीदाराचा. पंचवीस वर्षे जिल्ह्याजिल्ह्यांतून बातमीदारी, पुढे शहर आवृत्तीची जबाबदारी, दुष्काळ आणि सिंचनावरच्या कामासाठी राज्य सरकारचा पत्रकारिता पुरस्कार. बीए ५८ टक्के, पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी ६१ टक्के, नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण. दुसरा अर्ज तिशीतल्या संशोधक मुलीचा. बीए ६५ टक्के, एमए ६८ टक्के, जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीसह नेट, समाजमाध्यमांवर पीएचडी, पाच शोधनिबंध आणि तीन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव.

आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतला छाननीचा तक्ता काढू. बातमीदाराला बीएचे १०, एमएचे २३, नेटचे ५ आणि पुरस्काराचे २ गुण मिळतात. एकूण ४०. संशोधक मुलीला बीएचे १३, एमएचे २३, पीएचडीचे ३०, जेआरएफचे ७, शोधनिबंधांचे प्रत्येकी दोनप्रमाणे १० आणि अनुभवाचे ६. एकूण ८९. बातमीदाराच्या पंचवीस वर्षांसाठी तक्त्यात रकानाच नाही. त्याने किती बातम्या दिल्या, त्यातल्या कितींनी सरकारला निर्णय फिरवायला लावला, किती नव्या पोरांना त्याने कॉपी लिहायला शिकवले, यातले काहीही मोजले जात नाही. 'अनुभव' या रकान्यात बसतो तो वर्गातला किंवा पीएचडीनंतरच्या संशोधनाचा अनुभव.

संशोधक मुलीवर यात काही मेहेरबानी होत नाही. तिचे गुण तिच्या कष्टाचे आहेत. मेख आहे ती विभागाच्या गरजेत. या विभागाला तिचीही गरज आहे आणि बातमीदाराचीही. तक्ता मात्र सगळ्या विषयांना एकच लावायचा असतो. इतिहास किंवा भाषाशास्त्राच्या विभागात तो बराचसा चालून जातो, कारण तिथे ज्ञान मिळवण्याची आणि ते दाखवण्याची जागा बहुतांशी एकच असते. संज्ञापन विभागाचे तसे नाही. तिथे सकाळी जनमत आणि प्रचाराचे सिद्धान्त शिकवायचे असतात आणि दुपारी त्याच विद्यार्थ्यांकडून पंधरा ओळींची बातमी चार ओळींत बसवून घ्यायची असते.

हा पेच विषयाच्या जन्मापासूनचा आहे. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय काढले. त्याचे पहिले अधिष्ठाता वॉल्टर विल्यम्स हे छापखान्यातून वर आलेले संपादक. त्यांनी महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नव्हते. विद्यालय उघडले त्याच दिवशी विद्यार्थ्यांचे दैनिक बाहेर पडले. डॉक्टरांसाठी रुग्णालय तसे पत्रकारांसाठी वृत्तपत्र, ही त्यामागची भूमिका. पदवी नसलेले हे विल्यम्स पुढे १९३१ मध्ये त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. हातातले कसब असलेल्या माणसानेच हे शिकवावे, हा विचार तिथून रुजला.

दुसरा प्रवाह विल्बर श्रॅम यांचा. श्रॅम मुळात इंग्रजी साहित्याचे. आयोवा विद्यापीठातल्या प्रसिद्ध लेखन-कार्यशाळेचे ते पहिले संचालक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते तिथल्या पत्रकारिता विद्यालयाचे प्रमुख झाले आणि त्यांनी जनसंज्ञापनात पीएचडीचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे इलिनॉय आणि स्टॅनफर्डमध्ये त्यांनी संशोधनाच्या संस्था उभ्या केल्या. संदेश लोकांपर्यंत कसा पोचतो, त्याने मत बदलते का, बदलले तर कोणाचे, हे प्रश्न आता सर्वेक्षण आणि संख्याशास्त्राच्या आधारे विचारले जाऊ लागले. नेमणुका होऊ लागल्या त्या मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्राची तयारी असलेल्यांच्या. विभागांमध्ये दोन तट पडले. जुन्या उपसंपादकांच्या कपाळावर दिव्याचा झोत अडवणारी हिरवी झापड असे, म्हणून एका तटाला 'हिरव्या झापडवाले' म्हणत. दुसऱ्या तटाचे नाव पडले काय-स्क्वेअर या सांख्यिकी चाचणीवरून. एका जागेसाठी कोणाला घ्यायचे यावरून हे तट वर्षानुवर्षे भांडले.

भारतात दोन्ही प्रवाह आले आणि तेही फार अंतराने नव्हे. मिसुरीत शिकून आलेले पृथ्वीपाल सिंग यांनी १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात पत्रकारिता विभाग सुरू केला. फाळणीनंतर तो दिल्लीला आणि नंतर चंदीगडला गेला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले, ते अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्झली यांच्या मदतीने. फुलब्राइट योजनेतून ते इथे आले होते. मराठी मुलखातल्या विद्यापीठीय पत्रकारिता शिक्षणाची ही पहिली मोठी खूण. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग १९६४ चा, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ ची. तिच्या स्थापनेमागे फोर्ड फाउंडेशनच्या ज्या पाहणी गटाच्या शिफारशी होत्या, त्याचे नेतृत्व याच विल्बर श्रॅम यांच्याकडे होते.

रानडेसारख्या विभागाची ताकद पुण्याच्या वृत्तपत्रांशी असलेल्या जवळिकीत होती. दिवसभर वर्ग आणि संध्याकाळी एखाद्या दैनिकाच्या कचेरीत उमेदवारी करायची, अशी तिथल्या पिढ्यांची रीत. शिकवायला येणारेही बरेच जण बातमीच्या टेबलावरून उठून येत. पण 'येणारे' आणि 'नेमलेले' यांत फार मोठा फरक आहे. व्याख्यानाला येणाऱ्याला अभ्यासक्रम ठरवायचा अधिकार नसतो, परीक्षेचा निकाल त्याच्या सहीने लागत नाही, विभागाची खरेदी त्याला विचारून होत नाही. कायम जागेवर कोण बसतो यावर विभागाचा पोत ठरतो.

ती कायम जागा भरते कशी, हे विद्यार्थ्यांनाच काय, अनेक पत्रकारांनाही ठाऊक नसते.

सहायक प्राध्यापकासाठी संबंधित विषयात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही किमान अट. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना गुणांत पाच टक्क्यांची सवलत असते. 'जनसंज्ञापन आणि पत्रकारिता' हा नेटचा स्वतंत्र विषय आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट घेण्याचे काम पुणे विद्यापीठाकडे आहे. २०१८ च्या नियमावलीने विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापकासाठी पीएचडी सक्तीची करायचे ठरवले होते. ती तारीख आधी जुलै २०२१ होती, ती करोनामुळे जुलै २०२३ वर गेली आणि तो दिवस येताच आयोगाने सक्ती मागे घेतली. आज नेट-सेट पुरते. पण पीएचडीचे ३० गुण तक्त्यात जागच्या जागी आहेत, आणि ज्या जागेला शंभर अर्ज येतात तिथे त्या तीस गुणांशिवाय मुलाखतीचे पत्र येणे अवघड.

वरच्या जागांचे घोडे याहून घट्ट अडते. सहयोगी प्राध्यापकाला पीएचडी, आठ वर्षांचा अनुभव, किमान सात प्रकाशने आणि ७५ संशोधन गुण लागतात. प्राध्यापकाला पीएचडी, दहा वर्षे, दहा प्रकाशने आणि १२० गुण. मानव्य विषयांत तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातल्या एका निबंधाचे १० गुण धरले जातात. वर्षभर कागदपत्रे खणून लिहिलेल्या शोधवृत्तमालिकेचा या हिशोबात उल्लेख नाही. नियमावलीत असामान्य कामगिरी केलेल्या व्यावसायिकासाठी प्राध्यापकपदाचा एक पर्यायी दरवाजा आहे, पण त्याच्याही उंबऱ्यावर पीएचडी हवीच असे लिहिलेले आहे.

छाननीनंतर निवड समिती. कुलगुरू किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, कुलपतींनी नेमलेला एक प्राध्यापक, बाहेरचे तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख, आणि वंचित घटकांपैकी कोणी उमेदवार असेल व समितीत त्या घटकाचे कोणी नसेल तर त्यांचा एक प्रतिनिधी. किमान चार सदस्य आणि त्यांत बाहेरचे दोन तज्ज्ञ असल्याशिवाय बैठक होत नाही. आयोगाच्या नियमानुसार तक्त्यातले गुण मुलाखतीला कोणाला बोलवायचे एवढ्यापुरतेच असतात, निवड मुलाखतीवर होते. म्हणजे ज्या तक्त्याने बातमीदाराला बाहेर ठेवले, तो समितीच्या खोलीत पुन्हा बोलतच नाही. तिथे ८९ गुणांची संशोधक मुलगी आणि, समजा, ७१ गुणांचा दुसरा कोणी उमेदवार एकाच पायरीवर उभे असतात. मुलाखत नीट झाली तर ही व्यवस्था न्याय देऊ शकते. घाईत उरकली, किंवा आधीच ठरवून घेतली, तर तिच्याइतकी अन्यायकारक गोष्ट नाही. म्हणून विषयतज्ज्ञ कोण येतात याला अतोनात महत्त्व. माहितीपट शिकवणाऱ्याची निवड करायला तिन्ही तज्ज्ञ जनसंपर्कातले आले, तर उमेदवाराचा कस लागणार कशावर?

त्याही आधी ठरते ती जाहिरात. 'संबंधित विषय' या दोन शब्दांत कोणाकोणाला धरायचे? हैदराबाद विद्यापीठाच्या संज्ञापन विद्यालयात विनोद पवरला यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांचे शिक्षण समाजशास्त्रातले. भारतात सामुदायिक रेडिओ सरकारच्या हाती न राहता लोकांच्या हाती यावा, यासाठीच्या धोरणात्मक लढ्यात त्यांचे नाव अग्रभागी आहे. सहकारी कांचन मलिक यांच्यासह लिहिलेले त्यांचे या विषयावरचे पुस्तक २००७ चे. 'फक्त पत्रकारितेचीच पदवी' अशी जाहिरात कडक धरली असती तर असा माणूस विभागाला लाभला नसता. उलट 'संबंधित' फार सैल धरले तर विषयाशी सुतराम संबंध नसलेला माणूस निवृत्तीपर्यंत खुर्चीत बसतो. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नवा मसुदा मांडला. नेट किंवा पीएचडी ज्या विषयात झाली त्या विषयात, मूळ पदवी वेगळ्या शाखेची असली तरी, शिकवता यावे, अशी त्यातली एक कल्पना आहे. संज्ञापनासारख्या अनेक शाखांतून माणसे घेणाऱ्या विषयाला ती मानवणारी आहे.

विभाग छोटे असतात, हीसुद्धा एक अडचण आणि तिचा सामाजिक न्यायाशी थेट संबंध आहे. बहुतेक संज्ञापन विभागांत मंजूर पदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठाऐवजी एकेक विभाग हे एकक धरायला सांगितले, आणि मार्च २०१८ मध्ये आयोगाने तशी सूचना काढली. छोट्या विभागाला लागू होणाऱ्या तेरा बिंदूंच्या रोस्टरमध्ये पहिली तीन पदे खुली, चौथे इतर मागासवर्गीयांचे आणि सातवे अनुसूचित जातीचे. तीन पदांच्या विभागात आरक्षण येणारच नाही आणि सहा पदे असली तरी अनुसूचित जातीच्या उमेदवाराचा नंबर लागणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ. देशभर आंदोलने झाली. मार्च २०१९ मध्ये केंद्राने वटहुकूम काढला, त्याचा त्याच वर्षी कायदा झाला आणि केंद्रीय संस्थांत पुन्हा संपूर्ण संस्था हे एकक झाले. ज्या विभागातून उद्याचे संपादक आणि निर्माते निघतात, तिथे फळ्यासमोर कोण उभे राहते हा प्रश्न किरकोळ नाही. कोणाच्या वस्तीतली बातमी 'बातमी' मानायची, हे त्या वर्गात शिकवले जाते.

व्यवसायातल्या माणसांसाठी आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही वाट काढली. किमान पंधरा वर्षांचा अनुभव हवा, पदवीची अट नाही, शोधनिबंधांची नाही. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. मुदत सुरुवातीला एक वर्ष, नेहमीची कमाल तीन, फार तर चार वर्षे. कल्पना स्वागतार्ह आहे. आपल्या गोष्टीतला बातमीदार या वाटेने आत येऊ शकतो. पण चार वर्षांत अभ्यासक्रमाची एक फेरीच जेमतेम पुरी होते. शिवाय दहा टक्के हे संपूर्ण संस्थेचे. तीन-चार पदांच्या पत्रकारिता विभागाच्या वाट्याला त्यातले काय येणार, हे व्यवस्थापन, अभियांत्रिकी आणि विधी विभागांशी होणाऱ्या ओढाताणीवर अवलंबून.

अशा मुदतीच्या नेमणुकीची दुसरी बाजू अमेरिकेत २०२१ मध्ये उघड झाली. निकोल हॅना-जोन्स या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पत्रकार. २०२० च्या पुलित्झर पुरस्काराच्या मानकरी आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाच्याच माजी विद्यार्थिनी. त्याच विद्यालयात त्यांची 'नाइट चेअर' या अध्यासनावर नेमणूक ठरली. हे अध्यासन व्यावसायिक पत्रकारांसाठीच असते आणि त्यांच्या आधी तिथे बसलेल्यांना कायम सेवेचे संरक्षण, म्हणजे टेन्युअर, मिळालेले होते. विभागाची आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या समितीची शिफारस झाली, पण विश्वस्त मंडळाने ती मतालाच घातली नाही. त्याऐवजी पाच वर्षांचा करार पुढे आला. वर्णद्वेषाच्या इतिहासावरच्या त्यांच्या '१६१९ प्रोजेक्ट'ला असलेला राजकीय विरोध त्यामागे होता. विद्यालयाला अडीच कोटी डॉलरची देणगी देणारे आणि ज्यांचे नाव त्याला दिले आहे, त्या वृत्तपत्र मालकांनीही आपली नाराजी विद्यापीठाच्या वरिष्ठांना कळवली होती. गदारोळ झाल्यावर ३० जून २०२१ रोजी मंडळाने ९ विरुद्ध ४ मतांनी टेन्युअर दिले. आठवड्याच्या आत हॅना-जोन्स यांनी ते नाकारले आणि त्या हॉवर्ड विद्यापीठात गेल्या.

दोन वर्षांनी टेक्सासमध्ये जवळपास तसेच घडले. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने पत्रकारितेचा बंद पडलेला अभ्यासक्रम पुन्हा उभा करायला कॅथलीन मॅकेलरॉय यांना बोलावले. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये वीस वर्षे काम आणि वर पीएचडी, म्हणजे दोन्ही तटांना मान्य होईल अशी निवड. बाहेरून दबाव आल्यावर देकार टेन्युअरवरून पाच वर्षांवर आणि तिथून एका वर्षावर घसरला. त्या परत फिरल्या. विद्यापीठाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला आणि विद्यापीठाने मॅकेलरॉय यांना दहा लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. पत्रकारितेचा शिक्षक म्हणजे लोकांना प्रश्न विचारायला शिकवणारा माणूस. एकेका वर्षाच्या करारावर काम करणाऱ्याला स्वतःच प्रश्न विचारताना दहा वेळा विचार करावा लागेल.

महाराष्ट्रात ही असुरक्षितता वेगळ्या नावाने नांदते. तासिका तत्त्व. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि त्यांचे तास नेट-सेट, पीएचडी झालेली माणसे तासावर मिळणाऱ्या पैशांत घेतात. सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या जूनची खात्री नाही. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये आहे. त्याच वर्गात तेच शिकवणाऱ्या तासिका शिक्षकाच्या हाती याचा लहानसा हिस्सा येतो. बातमीदार की पीएचडी हा वाद रंगवण्याआधी हे सांगितले पाहिजे, कारण तासिका तत्त्वावर दोघेही सारखेच भरडले जातात. विद्यार्थ्यांचे नुकसान तर उघड आहे. प्रयोगवृत्तपत्राला दरवर्षी नवा संपादक, रेडिओच्या प्रात्यक्षिकाला दर सत्रात नवा चेहरा आणि प्रबंधाला मार्गदर्शकच नाही.

दोन्ही अंगे एकाच माणसात असू शकतात, याचीही उदाहरणे आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत अंजली मोन्टेरो आणि के. पी. जयशंकर यांनी माध्यम आणि संस्कृती अभ्यासाचे केंद्र घडवले. दोघेही पीएचडी आणि दोघेही माहितीपटकार. नारायण सुर्वे यांची कविता आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रे यांच्यामधून गिरणगावच्या मुंबईकडे पाहणारा त्यांचा 'साचा' हा माहितीपट २००१ चा. त्यांच्या विद्यार्थ्यांनी धारावीपासून मुंबईतल्या वस्त्यांवर कितीतरी फिल्म केल्या, कारण शिक्षकच कॅमेरा घेऊन त्या वस्त्यांत जात होते आणि परत येऊन त्यावर विचारपूर्वक लिहीतही होते. पी. साईनाथ यांनीही मुंबईच्या सोफिया पॉलिटेक्निकच्या माध्यम अभ्यासक्रमात अनेक वर्षे शिकवले. ग्रामीण भारतावर लिहीत असतानाच ते तिथल्या मुलींना बातमीदारी शिकवत होते. अशी माणसे सापडतात ती शोधायला बसलेल्या संस्थांना. नुसती जाहिरात देऊन वाट पाहणाऱ्यांच्या हाती सहसा लागत नाहीत.

अमेरिकेत या शोधाला खरोखरच 'शोध समिती' म्हणतात. निवडलेल्या तीन-चार उमेदवारांना विद्यापीठ एक-दोन दिवस बोलावून घेते. उमेदवार आपल्या संशोधनावर विभागापुढे भाषण देतो, खऱ्या वर्गावर तास घेतो, विद्यार्थ्यांबरोबर जेवतो आणि विद्यार्थी आपला अभिप्राय समितीला देतात. ती पद्धत वेळखाऊ आहे, खर्चिक आहे आणि वरच्या दोन प्रकरणांनी दाखवले तशी मालक-विश्वस्तांच्या दबावापुढे हतबलही होते. पण माणूस शिकवतो कसा हे नेमणुकीआधी तिथे पाहिले जाते.

आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा लागत नाही. उमेदवाराची शिकवण्याची कुवत वर्गातल्या व्याख्यानातून किंवा चर्चासत्रातून तपासावी, अशी मुभा २०१८ च्या नियमावलीत आहेच. संज्ञापन विभागाने ती पुरेपूर वापरावी. उमेदवाराला एखाद्या तालुका प्रतिनिधीची कच्ची कॉपी द्यावी. अपघाताची बातमी, तीन चुका, एक बदनामीकारक वाक्य, मृतांची संख्या दोन ठिकाणी वेगळी. ती कॉपी त्याने वीस विद्यार्थ्यांसमोर दुरुस्त करून दाखवावी, प्रत्येक दुरुस्तीचे कारण सांगावे, आणि मग त्याच बातमीवरून अपघातांच्या वार्तांकनाचा अभ्यास कसा मांडता येईल यावर दहा मिनिटे बोलावे. विषयतज्ज्ञांनी मागच्या बाकावर बसून ते पाहावे. चाळीस गुणांच्या बातमीदाराला आणि एकोणनव्वद गुणांच्या संशोधक मुलीला, दोघांनाही त्या वर्गात बोलवावे, आणि तास संपल्यावर समितीने आधी विद्यार्थ्यांना विचारावे की त्यांना काय कळले.